मोठा न्यूक्लियस, जास्त कण? लॅपटॉपवर मांडायचा पूर्ण हिशोब

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की मराठवाड्यातल्या बहुतेक कॉलेजांत गाडी थिन फिल्म आणि फेराइटवर येऊन थांबते. त्यात वावगं काही नाही, भट्टी हाताशी असते म्हणून ते होतं. पण हाय एनर्जी फिजिक्सचं नाव काढलं की मुलं म्हणतात, "सर, ते सर्नवाल्यांचं काम." सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची मोठी कणभौतिकी प्रयोगशाळा. मला हे पटत नाही. जड न्यूक्लियसांच्या टकरींची मोजमापं छापलेली आहेत, हेपडेटा नावाच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात आणि तक्ते इतके छोटे असतात की मोबाइलच्या नेटवरही मिनिटात येतात. उरतो तो हिशोब, आणि तो आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर होतो. नांदेड, लातूर, परभणी, धाराशिव, कुठेही बसून होतो.

प्रश्न साधा दिसतो: दोन छोटे न्यूक्लियस आदळले तर थोडे कण निघतात, मोठे आदळले तर जास्त. पण किती जास्त? दुप्पट मोठ्या व्यवस्थेतून दुप्पट कण निघतात का? उत्तर असं आहे की तुम्ही 'मोठी' कशावरून ठरवता यावर निकाल बदलतो. म्हणून हा लेख आलेख काढायला शिकवतोच, पण त्याआधी आडव्या अक्षावर काय ठेवायचं याचा विचार करायला लावतो. माझ्या मते या विषयातलं निम्मं भौतिकशास्त्र त्या आडव्या अक्षातच आहे.

पायरी १: आकार कोणत्या राशीने मोजायचा ते वहीत लिहा

चार पर्याय आहेत. पहिला, न्यूक्लियसमधल्या न्यूक्लिऑनची (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची) एकूण संख्या: ऑक्सिजन १६, तांबं ६३, झेनॉन १२९, सोनं १९७, शिसं २०८. दुसरा, टकरीत प्रत्यक्ष सापडलेले न्यूक्लिऑन, म्हणजे सहभागी संख्या. दोन न्यूक्लियस एकमेकांना नुसते घासून गेले तर शिशाच्या ४१६ पैकी दहा-पंधराच सहभागी होतात. तिसरा, न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन जोड्यांच्या टकरींची संख्या, म्हणजे द्विटक्कर संख्या. एकच न्यूक्लिऑन समोरच्या पाच-सात जणांवर आदळू शकतो, म्हणून ही संख्या सहभागी संख्येपेक्षा वेगाने वाढते. चौथा, टकरीतून निघालेल्या विद्युतभारित कणांची मधल्या पट्ट्यातली घनता, म्हणजे स्यूडोरॅपिडिटीच्या (कण किरणांशी किती कोनात निघाला यावरून काढलेल्या मापाच्या) एका एककात सापडलेले कण. पुढे याला मी नुसतं 'कणघनता' म्हणेन.

पहिल्या तीन राशी टकरीच्या भूमितीतून येतात, चौथी टकरीच्या निकालातून. यातली सहभागी संख्या आणि द्विटक्कर संख्या कुठल्याही डिटेक्टरला थेट दिसत नाही. त्या संगणकावरच काढाव्या लागतात, आणि तेच आपलं काम.

पायरी २: ऊर्जा बांधून ठेवा

आकाराचा परिणाम पाहायचा असेल तर ऊर्जा बदलता कामा नये. अमेरिकेतल्या ब्रूकहेवनच्या रिक या कोलायडरवर २०० जीईव्हीला (गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला) प्रोटॉन-प्रोटॉन, ड्यूटेरॉन-सोनं, तांबं-तांबं (२००५), सोनं-सोनं अशी एकाच ऊर्जेची चांगली शिडी मिळते. सर्नच्या एलएचसी या कोलायडरवर ५.०२ टीईव्हीला (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) प्रोटॉन-शिसं आणि शिसं-शिसं आहे. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये काही तासच चाललेला झेनॉन-झेनॉनचा प्रयोग ५.४४ टीईव्हीचा आहे. तिथे दुरुस्ती करावी लागते.

दुरुस्ती अशी. अ‍ॅलिस या एलएचसीवरच्या प्रयोगाच्या मोजमापांनुसार मध्यवर्ती (म्हणजे जवळजवळ पूर्ण समोरासमोरच्या) टकरींत दर सहभागी जोडीमागची कणघनता ऊर्जेच्या वर्गाच्या ०.१५५ घाताने वाढते, म्हणजे ऊर्जेच्या ०.३१ घाताने. ५.०२ भागिले ५.४४, त्याचा ०.३१ घात: ०.९७५. झेनॉनचे आकडे याने गुणा. अडीच टक्क्यांची दुरुस्ती किरकोळ वाटेल, पण मोजमापातली अनिश्चितताही तेवढीच आहे, म्हणून ती सोडू नका. प्रोटॉन-प्रोटॉनसाठी मात्र ऊर्जेच्या वर्गावरचा हा घात ०.१०३ आहे. शिशाचा घात प्रोटॉनला लावाल तर सगळी तुलना बिघडेल.

पायरी ३: न्यूक्लियस बांधा

आपण वापरणार आहोत ती ग्लाउबर मॉन्टे कार्लो पद्धत. मॉन्टे कार्लो म्हणजे यादृच्छिक आकडे टाकून हिशोब करणं. रॉय ग्लाउबर यांना २००५ चं नोबेल प्रकाशाच्या क्वांटम सिद्धांतासाठी मिळालं, पण न्यूक्लियसच्या टकरी मोजणारा प्रत्येक गट रोज त्यांचं नाव घेतो ते या पद्धतीमुळे.

न्यूक्लियस म्हणजे कडक कडेचा गोळा नाही. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखी त्याची कड विरळ होत जाते. हे सांगणारं सूत्र वुड्स-सॅक्सन: केंद्रापासूनच्या अंतरातून त्रिज्या वजा करा, कडेच्या जाडीने भागा, त्याचा एक्स्पोनेन्शियल घ्या, त्यात एक मिळवा आणि त्या बेरजेने मधल्या घनतेला भागा. सोन्यासाठी त्रिज्या ६.३८ आणि कडेची जाडी ०.५३५ फेमटोमीटर. शिशासाठी ६.६२ आणि ०.५४६.

आता पायथनमध्ये या सूत्रावरून १९७ बिंदू यादृच्छिक टाकायचे. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश सांगतो.

अंतर निवडताना नुसती घनता वापरू नका. घनता गुणिले अंतराचा वर्ग, या वितरणातून अंतर निवडा. केंद्रापासून लांब गेलं की गोलाकार थराचं आकारमान अंतराच्या वर्गाने वाढतं. हा वर्ग विसरला तर सगळे न्यूक्लिऑन केंद्रात गर्दी करतात आणि टकरींची संख्या भलतीच फुगते. पद्धत सोपी: शून्य ते १५ फेमटोमीटरमध्ये एक अंतर काढा, दुसरा यादृच्छिक आकडा काढून ते ठेवायचं की टाकायचं ते ठरवा, जमेपर्यंत पुन्हा करा.

दिशा निवडताना कोन समान वाटू नका, कोनाचा कोसाइन उणे एक ते अधिक एकमध्ये समान वाटा. कोन समान वाटला तर न्यूक्लियसच्या दोन ध्रुवांवर बिंदूंची दाटी होते.

सगळे बिंदू टाकून झाले की त्यांचं सरासरी स्थान काढून ते शून्यावर सरकवा. हवं तर दोन न्यूक्लिऑनमध्ये किमान ०.४ फेमटोमीटर अंतर राखा. ते मोडलं तर तो बिंदू पुन्हा टाका.

मग थांबा आणि तपासा. हजार सोन्याचे न्यूक्लियस बनवून अंतरांचा हिस्टोग्राम काढा. शिखर ५.६ फेमटोमीटरच्या आसपास यायला हवं. ते दोन-तीनवर आलं तर अंतराचा वर्ग राहिलाय. ही तपासणी झाल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.

पायरी ४: आदळवा

दोन न्यूक्लियसांच्या केंद्रांतलं आडवं अंतर म्हणजे इम्पॅक्ट पॅरामीटर. तेही समान वाटायचं नसतं, त्याचा वर्ग समान वाटायचा. शून्य ते एकमधल्या आकड्याचं वर्गमूळ काढून २० फेमटोमीटरने गुणलं की झालं.

एक न्यूक्लियस तेवढा सरकवा. किरणांची दिशा विसरा, फक्त आडवे दोन अक्ष ठेवा. प्रत्येक जोडीचं आडवं अंतर काढा. सोन्यासाठी या जोड्या ३८,८०९ होतात, शिशासाठी ४३,२६४. साध्या लूपने हे रडतखडत चालेल, म्हणून पायथनमधल्या नमपाय लायब्ररीच्या अ‍ॅरेने एका दमात काढा.

जोडी आदळली असं कधी म्हणायचं? न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन अलवचीक क्रॉस सेक्शनला (टकरीच्या परिणामकारक क्षेत्रफळाला) पाय (π) या स्थिरांकाने भागून वर्गमूळ घ्या. अंतर त्यापेक्षा कमी असेल तर टक्कर. २०० जीईव्हीला क्रॉस सेक्शन ४२ मिलिबार्न. एक मिलिबार्न म्हणजे ०.१ चौरस फेमटोमीटर, म्हणजे ४.२ चौरस फेमटोमीटर, आणि उंबरठा येतो १.१६ फेमटोमीटर. ५.०२ टीईव्हीला क्रॉस सेक्शन ६७.६ मिलिबार्न आहे, उंबरठा १.४७. म्हणजे ऊर्जा वाढली की तोच न्यूक्लियस जास्त टकरी देतो.

आदळलेल्या जोड्या मोजल्या की द्विटक्कर संख्या, आणि निदान एकदा आदळलेले न्यूक्लिऑन मोजले की सहभागी संख्या. असे निदान एक लाख प्रसंग (एकदा आदळवणं म्हणजे एक प्रसंग) चालवा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर हजार प्रसंगांनंतर निकाल फाइलमध्ये लिहून ठेवा आणि यादृच्छिक आकड्यांचं बीजही नोंदवा. ही सवय प्रोजेक्ट वाचवते.

इथे तीन तपासण्या. सोन्याच्या एकूण प्रयत्नांपैकी साधारण ५५ टक्क्यांत निदान एक तरी टक्कर झालेली दिसली पाहिजे. २० फेमटोमीटरच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने त्या अपूर्णांकाला गुणलं की ६.९ बार्नच्या जवळचा एकूण क्रॉस सेक्शन मिळतो. प्रोटॉन-प्रोटॉन चालवलं तर टक्कर झालेल्या प्रत्येक प्रसंगात सहभागी २ आणि द्विटक्कर १ हेच यायला हवं. आणि सर्वात मध्यवर्ती ५ टक्के सोनं-सोनं टकरींत सहभागी ३५० च्या, द्विटकरी १०५० च्या आसपास. हे जमलं तर तुमचा कोड बरोबर आहे असं धरून चला.

पायरी ५: सेंट्रॅलिटीचे कप्पे

सेंट्रॅलिटी म्हणजे टक्कर किती समोरासमोर झाली त्याचं माप. प्रयोगात इम्पॅक्ट पॅरामीटर दिसत नाही. दिसतात कण. म्हणून सर्वात जास्त कण देणाऱ्या ५ टक्के टकरींना ०-५ टक्के म्हणतात, त्याखालच्यांना ५-१०, असं पुढे. विद्यार्थ्याला झटपट अंदाज हवा असेल तर: टक्क्याचा अपूर्णांक घ्या, वर्गमूळ काढा, सर्वात मोठ्या परिणामकारक इम्पॅक्ट पॅरामीटरने गुणा. शिशाचा एकूण क्रॉस सेक्शन ७.७ बार्न, म्हणजे ती कमाल १५.७ फेमटोमीटर. ०.०५ चं वर्गमूळ ०.२२४. तर ०-५ टक्के म्हणजे शून्य ते ३.५ फेमटोमीटर.

काटेकोर काम करायचं तर प्रत्येक प्रसंगाला कणांचे स्रोत नेमून द्यावे लागतात: सहभागी संख्येचा साधारण ०.८ भाग अधिक द्विटक्कर संख्येचा उरलेला ०.२ भाग. प्रत्येक स्रोतातून नकारात्मक द्विपद वितरणाने कण काढतात आणि मग कणसंख्येवर कप्पे पाडतात. पहिल्या प्रोजेक्टला इम्पॅक्ट पॅरामीटरचे कप्पे पुरतात. एक पथ्य मात्र पाळाच: ज्या पट्ट्यात कण मोजायचे त्याच पट्ट्यातल्या कणांवरून कप्पे पाडू नका. जास्त कण असलेले प्रसंग निवडायचे आणि मग 'इथे कण जास्त आहेत' म्हणायचं, यात काही सिद्ध होत नाही. अ‍ॅलिसने त्यासाठी किरणांच्या दिशेला झुकलेले वेगळे डिटेक्टर वापरले.

पायरी ६: मोजमापांशी भिडवा

आता खरी मजा. ५.०२ टीईव्हीच्या शिसं-शिसं टकरींचे अ‍ॅलिसचे आकडे घ्या. ०-५ टक्के: सहभागी ३८५, कणघनता १९४३. १०-२० टक्के: सहभागी २६४, कणघनता ११८०. ७०-८० टक्के: सहभागी १५.६, कणघनता ४४.९.

कणघनतेला सहभागी जोड्यांनी भागा. ०-५ टक्के: १९४३ भागिले १९२.५, म्हणजे १०.१. १०-२० टक्के: ८.९. ७०-८० टक्के: ५.८. कणनिर्मिती नुसती सहभागी संख्येवर चालत असती तर हा आकडा सगळीकडे सारखा आला असता. १९७६ मध्ये ब्यालास, ब्लेशिन्स्की आणि चिझ यांनी मांडलेलं 'जखमी न्यूक्लिऑन' प्रारूप नेमकं तसं सांगतं: न्यूक्लिऑन एकदा जखमी झाला की झाला, पुढे कितीही वेळा आदळला तरी त्याच्या वाट्याचे कण तेवढेच. ते मोठ्या अंशी खरं आहे, पण पूर्ण नाही.

मग दुसरं टोक पाहा. सगळं द्विटकरींवर चालत असतं तर कणघनता सहभागी संख्येच्या सुमारे चार-तृतीयांश घाताने वाढली असती. प्रत्यक्ष घात कॅलक्युलेटरवर काढा: १९४३ भागिले ४४.९ याचा लॉग, भागिले ३८५ भागिले १५.६ याचा लॉग. येतो १.१८ च्या जवळ. एक आणि १.३३ यांच्या साधारण मधे. हा एक आकडा स्वतःच्या हाताने काढलात की विषय अंगात मुरायला लागतो.

यावरून रिकच्या काळात दोन घटकांचं सूत्र आलं: प्रोटॉन-प्रोटॉनमधली कणघनता गुणिले कंस, आणि कंसात सहभागी जोड्यांचा एक हिस्सा अधिक द्विटकरींचा दुसरा हिस्सा. रिकवरच्या फोबॉस गटाने २०० जीईव्हीला द्विटकरींचा हिस्सा ०.१३ काढला, प्रोटॉन-प्रोटॉनची कणघनता २.२९ धरून. तुमच्या कोडमधून सहभागी ३४४ आणि द्विटकरी १०४० असा कप्पा घ्या. १७२ गुणिले ०.८७ म्हणजे १४९.६, १०४० गुणिले ०.१३ म्हणजे १३५.२, बेरीज २८४.८, गुणिले २.२९, उत्तर ६५२. सोनं-सोनंच्या सर्वात मध्यवर्ती टकरींत मोजलेली कणघनताही ६५० च्या घरातच आहे. यात चमत्कार नाही, ०.१३ हा हिस्सा त्याच मोजमापांतून काढलाय.

म्हणून इथे सावध राहा. सूत्र बसलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. २०१२ मध्ये रिकवर युरेनियम-युरेनियम आदळवलं. युरेनियमचा न्यूक्लियस लांबट आहे, त्यामुळे टोकाला टोक भिडलं तर सहभागी तेवढेच, पण द्विटकरी जास्त. दोन घटकांचं सूत्र खरं असतं तर अतिमध्यवर्ती टकरींत प्रवाहाच्या लंबवर्तुळीपणाच्या (एका दिशेला कण जास्त, आडव्या दिशेला कमी निघतात त्याच्या) आलेखाला स्पष्ट गुडघा दिसला असता. रिकवरच्याच स्टार गटाला तो दिसला नाही. सहभागी न्यूक्लिऑनऐवजी त्यांच्यातले सहभागी क्वार्क मोजले तर द्विटकरींची वेगळी संज्ञा न लावताही सरळ रेषा मिळते, हे रिकवरच्या फीनिक्स गटाने दाखवलं. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक न्यूक्लिऑनच्या जागी तीन बिंदू टाकून हे करून पाहता येतं. दुसऱ्या सत्राचं काम म्हणून मी हेच सुचवेन.

आता झेनॉन. ०-५ टक्के कप्प्यात सहभागी २३६, कणघनता ११६७. ऊर्जेची दुरुस्ती केली की ११३८, जोडीमागे ९.६. याच्या शेजारी शिशाचा १०-२० टक्क्यांचा कप्पा ठेवा: सहभागी २६४, जोडीमागे ८.९. झेनॉनमध्ये सहभागी कमी असून जोडीमागे कण जास्त! तांबं आणि सोन्याच्या बाबतीत फोबॉसने सहभागी संख्या सारखी ठेवली तेव्हा कणघनता अनिश्चिततेच्या आत सारखी आली होती. एलएचसीवर पूर्ण समोरासमोर भिडलेला छोटा न्यूक्लियस आणि अर्धवट भिडलेला मोठा न्यूक्लियस यांत फरक पडतो. सहभागी संख्या ही 'आकारा'ची पूर्ण ओळख नाही, हे इथे डोळ्यांना दिसतं. उलट दोघांचाही ०-५ टक्क्यांचा कप्पा घेतला तर ९.६ आणि १०.१, म्हणजे अनिश्चितता लक्षात घेता जवळजवळ सारखे. निकाल आडव्या अक्षावर कसा फिरतो त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

पायरी ७: जड धक्क्यातले कण वेगळे काढा

वर मोजलेले बहुतेक कण कमी संवेगाचे असतात. आडवा संवेग पाच-सहा जीईव्हीच्या वर गेला की ते एकेकट्या जोरदार धक्क्यातून येतात, म्हणून त्यांची अपेक्षा द्विटक्कर संख्येवर बांधायची. मोजलेले कण भागिले (द्विटकरी गुणिले प्रोटॉन-प्रोटॉनमधले कण), हा झाला न्यूक्लियर मॉडिफिकेशन फॅक्टर. मध्यवर्ती सोनं-सोनंमध्ये न्यूट्रल पायॉनसाठी तो ०.२ च्या आसपास येतो, आणि थेट फोटॉनसाठी एकच्या जवळ. फोटॉन तप्त द्रव्यातून न अडता निघून जातो, क्वार्क आणि ग्लुऑन अडकतात. फोटॉन एकवर येतो याचा अर्थ तुम्ही मोजलेली द्विटक्कर संख्या विश्वासार्ह आहे. अगदी काठावरच्या टकरींत मात्र हा गुणांक एकखाली आला तर लगेच निष्कर्ष काढू नका, तिथे कप्पे पाडण्याच्या पद्धतीमुळेच तो खाली ओढला जातो.

पायरी ८: गुणोत्तरांसाठी अक्ष बदला

किती कण हा एक प्रश्न, कोणते कण हा दुसरा. १९८२ मध्ये राफेल्स्की आणि म्युलर यांनी म्हटलं होतं की क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे झालेलं तप्त द्रव्य) बनला तर स्ट्रेंज क्वार्क असलेले कण वाढतील. २०१७ मध्ये अ‍ॅलिसने ओमेगा, क्साय, लॅम्डा आणि के-शॉर्ट यांची पायॉनशी गुणोत्तरं कणघनतेसमोर मांडली. ७ टीईव्हीचे प्रोटॉन-प्रोटॉन, ५.०२ टीईव्हीचे प्रोटॉन-शिसं, २.७६ टीईव्हीचे शिसं-शिसं, तिन्हींचे बिंदू एकाच अखंड वळणावर आले. तीन स्ट्रेंज क्वार्कवाल्या ओमेगाची वाढ सर्वात तीव्र, दोनवाल्या क्सायची त्याहून कमी, एकवाल्यांची आणखी कमी. प्रोटॉन-पायॉन गुणोत्तर तसं वाढत नाही.

इथे सहभागी संख्या अक्षावर ठेवून काही उपयोग नाही, कारण प्रोटॉन-प्रोटॉनमध्ये ती नेहमी दोनच असते. कणघनताच ठेवा आणि आडवा अक्ष लॉगमध्ये घ्या. शक्य झालं तर त्याच आलेखात के-स्टार आणि केऑनचं गुणोत्तरही टाका. के-स्टार सुमारे ४ फेमटोमीटर भागिले प्रकाशवेग एवढाच काळ जगतो, द्रव्य विरळ व्हायच्या आतच विघटित होतो आणि त्याचे तुकडे आजूबाजूच्या कणांवर आदळून ओळख हरवतात. म्हणून व्यवस्था मोठी होत जाते तसं हे गुणोत्तर उतरतं. वर जाणारं ओमेगा आणि खाली येणारं के-स्टार एका कागदावर पाहिलं की 'आकार' म्हणजे कणांची नुसती गर्दी नाही, त्या द्रव्याचं आयुष्यही आहे हे कळतं.

अहवाल लिहिताना

अनिश्चिततेशिवाय आकडा देऊ नका. त्रिज्या, कडेची जाडी, किमान अंतर आणि क्रॉस सेक्शन एकेक करून थोडं वर-खाली करा, प्रत्येक वेळी सहभागी संख्या किती हलते ते तक्त्यात भरा. मध्यवर्ती कप्प्यात ती जेमतेम एखाद्या टक्क्याने हलेल, काठावर जास्त. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर पहिला प्रश्न इथेच विचारतात.

मार्गदर्शक मिळत नसेल तर आयआयटी मुंबईतल्या किंवा कोलकात्याच्या व्हीईसीसीतल्या (व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधल्या) गटांना नम्र, छोटा मेल लिहा आणि सोबत पायरी ४ मधल्या तीन तपासण्यांचे निकाल जोडा. स्टार आणि अ‍ॅलिससाठी फोटॉन मोजणारा डिटेक्टर कोलकात्याच्या पुढाकाराने भारतातच तयार झालाय. औंढा नागनाथच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाल्यापासून आपल्याकडची मुलं मोठ्या प्रयोगांबद्दल विचारू लागली आहेत. त्यांच्या हातात आजच देण्याजोगं काम हे आहे.

पुढची पायरी हवी असेल तर ऑक्सिजन घ्या. जुलै २०२५ मध्ये एलएचसीवर ऑक्सिजन-ऑक्सिजन ५.३६ टीईव्हीला आदळलं, पाठोपाठ निऑन-निऑनही. ऑक्सिजनमध्ये सहभागी जास्तीत जास्त ३२, म्हणजे प्रोटॉन-शिसं आणि झेनॉन यांच्यामधली रिकामी जागा भरणारी व्यवस्था. जोड्या फक्त २५६, त्यामुळे कोड भराभर पळेल. आधी साधं गोल वितरण वापरा. मग १६ न्यूक्लिऑन चार-चारच्या चार पुंजक्यांत चौमुखी पिरॅमिडच्या टोकांवर ठेवून पुन्हा चालवा आणि दोन्ही वेळच्या द्विटक्कर संख्येच्या हिस्टोग्रामचं शेपूट एकमेकांवर ठेवून तपासा.